डॉसची बॅच फाइल आणि %१

एमएस-डॉसमध्ये त्याच त्या आज्ञा पुन्हा पुन्हा टाइप करायचा कंटाळा आला, की त्या एका साध्या फाइलमध्ये ओळीओळीने लिहून ठेवायच्या. हीच बॅच फाइल. पण आज एक फाइल कॉपी करायची, उद्या दुसरी, तर नाव आत कायमचं लिहून कसं चालेल? त्या जागी %१ लिहितात. सेव्ह.बॅट या फाइलमध्ये एवढी एकच ओळ आहे असं धरू:

कॉपी %१ ए:

आता 'सेव्ह लेटर.टीएक्सटी' टाइप केलं, की आज्ञा वाचणारा कमांड.कॉम ही ओळ उचलतो, %१ खोडून तिथे 'लेटर.टीएक्सटी' ठेवतो, आणि मगच ओळ चालवतो. आधी अक्षरांची अदलाबदल, अर्थ नंतर. हा क्रम पक्का लक्षात ठेवला, की पुढचं सगळं सरळ उलगडतं.

'सेव्ह *.टीएक्सटी' म्हटलं तर %१ मध्ये तीच चांदणी जशीच्या तशी जाते. फाइली शोधायचं काम कॉपीचं. युनिक्सचं शेल मात्र ती नावं आधीच उलगडून देतं.

काहीच दिलं नाही, तर %१ च्या जागी काहीच उरत नाही, आणि खरा धोका इथे आहे. ओळ 'डेल %१\*.*' अशी असेल, तर ती 'डेल \*.*' होते, म्हणजे चालू ड्राइव्हच्या मूळ डिरेक्टरीतल्या फाइली पुसण्याची आज्ञा. डॉस एकदा खात्री विचारतो, पण घाईत 'वाय' दाबलं जातंच. म्हणून आधी तपासायचं:

इफ "%१"=="" गोटू मदत

म्हणजे %१ रिकामं असेल, तर फाइलमधल्या 'मदत' या खुणेवर उडी मार. इथली अवतरणं शोभेची नाहीत. ती नसतील आणि %१ रिकामं असेल, तर == च्या डावीकडे काहीच राहत नाही आणि डॉस 'सिंटॅक्स एरर' म्हणून अडतो.

फाइलच्या नावापुढे अनेक शब्द दिले, की ते क्रमाने %१, %२ असे बसतात. पण हे शब्द कुठे तुटतात? मोकळ्या जागेवर, आणि स्वल्पविराम, अर्धविराम व = यांवरही. 'रंग=लाल' दिलं, तर %१ मध्ये 'रंग' आणि %२ मध्ये 'लाल' येतं.

जागा %० ते %९ एवढ्याच, आणि %० मध्ये बॅच फाइलचंच नाव असतं. %१० लिहिलं तर डॉस ते %१ आणि त्यापुढे शून्य असं वाचतो. दहावा शब्द हवा असेल तर 'शिफ्ट' वापरायचं. त्याने प्रत्येक शब्द एक घर खाली सरकतो: %२ चा %१ होतो, %१ चा %०. जुना %० मात्र परत मिळत नाही. कॉपी, शिफ्ट आणि पुन्हा वर गोटू असं चक्र केलं, की कितीही नावं एकामागून एक हाताळता येतात.

एका बॅच फाइलमधून दुसरी बोलवायची तर ३.३ आवृत्तीपासून 'कॉल' आहे. तिला लागणारे शब्द मात्र त्याच ओळीवर पुन्हा द्यावे लागतात: 'कॉल दुसरी %१ %२'.

पुसणारी कोणतीही ओळ लिहिलीत, तर तिच्यातला %१ बोटाने झाकून ती एकदा वाचा. तशीच चालली तर काय पुसलं जाईल, हे पाहूनच फाइल जतन करा.