जनरल बटलरचा जप्त माल

२३ मे १८६१ रोजी व्हर्जिनियातल्या मतदारांनी अमेरिकेतून फुटून निघण्याच्या ठरावावर शिक्कामोर्तब केलं. त्याच रात्री फ्रँक बेकर, शेपर्ड मॅलरी आणि जेम्स टाउनसेंड हे तिघे एका होडीतून हॅम्प्टन रोड्सची खाडी ओलांडून मन्रो किल्ल्यापाशी आले. तिघेही गुलाम होते. समोरच्या सूअल्स पॉइंटवर बंडखोरांच्या तोफांसाठी मोर्चा बांधायला त्यांना जुंपलं होतं. तिथलं काम आटपलं की आपल्याला बायकापोरांपासून तोडून खाली कॅरोलिनाकडे नेणार, ही कुणकुण त्यांना लागली होती. किल्ल्यावर अजून उत्तरेचं निशाण फडकत होतं. आत गेल्यावर काय होईल, बेड्या पडतील की भाकरी मिळेल, हे कोणालाच ठाऊक नव्हतं.

गुलामगिरी लिंकनने सही करून संपवली, एवढंच आपण शाळेत शिकतो. सहीचं मोल मी कमी करत नाही. पण या विषयाच्या नादी लागून जितकं वाचत गेलो, तितकं एक मत पक्कं होत गेलं. कायदा गुलामांच्या मागून आला. आधी माणसं पळाली आणि मग त्यांचं काय करायचं हे ठरवायला सरकार बसलं.

पूर्वपीठिका थोडक्यात उरकतो, कारण ती कुठल्याही पुस्तकात सापडेल. १६१९ मध्ये पहिले वीस-एक आफ्रिकी गुलाम इंग्रजांच्या व्हर्जिनियात उतरवले गेले. १७९३ मध्ये एली व्हिटनीने सरकी काढण्याचं यंत्र केलं, कापूस पिकवणं फायद्याचं झालं आणि गुलामांची मागणी वाढली. १८०८ पासून बाहेरून गुलाम आणायला बंदी आली, पण देशांतर्गत बाजार जोरात राहिला. १८५० च्या कायद्याने पळालेला गुलाम उत्तरेत सापडला तरी मालकाला परत करणं बंधनकारक झालं. १८५७ मध्ये ड्रेड स्कॉट खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने काळ्या माणसाला नागरिकत्वच नाकारलं. १८६० च्या जनगणनेत गुलाम भरले सुमारे साडेएकोणचाळीस लाख. लिंकन निवडून आला, दक्षिणेतली राज्यं फुटली, एप्रिल १८६१ मध्ये समटर किल्ल्यावर तोफा धडाडल्या. झालं.

आता माझा लाडका माणूस. मन्रो किल्ल्याचा सेनापती बेंजामिन बटलर आदल्याच दिवशी रुजू झाला होता. टक्कल, तिरळे डोळे, पेशाने मॅसॅच्युसेट्सचा वकील, युद्धाचं शिक्षण शून्य. गुलामांचा कैवारी म्हणावा तर तेही नाही. १८६० च्या पक्ष-अधिवेशनात या गृहस्थाने अध्यक्षपदाच्या उमेदवारीसाठी जेफरसन डेव्हिसला सत्तावन्न वेळा मत दिलं होतं. हाच डेव्हिस पुढे बंडखोरांचा अध्यक्ष झाला! आणि महिन्याभरापूर्वीच, गुलामांनी उठाव केलाच तर तो मोडायला माझं सैन्य हजर आहे, असं बटलरने मेरीलँडच्या गव्हर्नरला कळवलं होतं. पण हाडाचा वकील होता. त्याने तिघांना बोलावून एकेकाची चौकशी केली.

दुसऱ्या दिवशी मालक कर्नल मॅलरीतर्फे मेजर केरी पांढरं निशाण घेऊन आला. त्याची मागणी अशी की १८५० चा कायदा पाळा आणि आमचे गुलाम परत द्या. बटलरचं उत्तर असं की तुमचं व्हर्जिनिया स्वतःला परका देश म्हणवतं, मग अमेरिकेचा कायदा परक्या देशाला कसा लागू होईल? मॅलरीने येऊन अमेरिकेशी निष्ठेची शपथ घ्यावी आणि आपले गुलाम घेऊन जावे. तोवर हे तिघे शत्रूच्या युद्धकामी येणारा माल आहेत, आणि असा माल जप्त करता येतो.

मला यातली गंमत अशी वाटते की बटलरने गुलाम हे मालमत्ता आहेत हा मालकांचाच मुद्दा शब्दशः मान्य केला आणि तोच त्यांच्यावर उलटवला. माणुसकीचा एक शब्द न उच्चारता.

बातमी मळ्यामळ्यांत पोचायला तार लागली नाही. दोन दिवसांत आणखी आठ जण आले, मग म्हातारी, बायका, कडेवरची पोरं, अख्खी कुटुंबं. इथे वकिली अडखळली. मोर्चा बांधणारा गडी युद्धाचा माल ठरतो, पण तान्हं मूल कसलं युद्धसाहित्य? ३० जुलैला बटलरने युद्धमंत्र्यांना लिहिलेल्या पत्रात चोख हिशेब आहे. एकूण ९०० जण. त्यांत धडधाकट पुरुष ३००, कामाच्या पलीकडे गेलेले म्हातारे ३०, बायका १७५, दहा वर्षांखालची मुलं २२५, दहा ते अठरा वयाची १७०. म्हणजे जवळजवळ निम्मा ‘माल’ अठराच्या आतला. पत्रात तो सरळ विचारतो की मालक यांना टाकून पळाले, तर हे गुलाम उरतात का? मालमत्ता तरी उरतात का? सहा ऑगस्टला संसदेने जप्तीचा कायदा केला, पण तो बंडखोरांच्या युद्धकामाला जुंपलेल्या गुलामांपुरताच.

लगेच दुसऱ्या रात्री बंडखोर सेनापती मॅग्रूडरने शेजारचं हॅम्प्टन गाव जाळलं, का तर बटलर तिथे पळून आलेल्यांना वसवणार अशी खबर होती. विटांची धुराडी तेवढी उभी राहिली. त्याच धुराड्यांना टेकवून, पडझडीतल्या फळ्या ठोकून लोकांनी झोपड्या उभारल्या आणि ज्या मुलखात ते गुलाम म्हणून राबले होते, तिथेच आपली वस्ती केली. हाल मात्र कमी नव्हते. सरकारी कामावरचा पगार कागदावर ठरला, हातात पुष्कळदा पडलाच नाही.

माझी मुलगी त्याच खाडीकाठी, नॉरफोकला राहायला होती, तेव्हा हे सगळं डोळ्यांनी बघून झालं. सूअल्स पॉइंटवर आता अमेरिकेचा अवाढव्य नौदल तळ आहे. तिघांनी वल्हवत पार केलेल्या पाण्यावर अर्धा पूल, अर्धा बोगदा असा महामार्ग आहे आणि त्यावर कायम गाड्या तुंबलेल्या. जावई वैतागला होता, मी मात्र खूश. एवढं निवांत ती खाडी कोण बघू देतं? किल्ल्याभोवतीच्या खंदकात अजून पाणी आहे. १८१९ मध्ये सुरू झालेल्या त्या बांधकामावर भाड्याने आणलेले गुलामही राबले, आणि ज्या टोकावर किल्ला उभा आहे त्या पॉइंट कम्फर्टलाच १६१९ मध्ये ते आफ्रिकी गुलाम आणणारं जहाज लागलं होतं. एखाद्या कादंबरीकाराने असं जुळवलं असतं तर आपण नाक मुरडलं असतं.

हॅम्प्टन विद्यापीठाच्या आवारातला ओक वृक्षही पाहिला. जमिनीलगत आडव्या पसरलेल्या फांद्या, खाली दाट सावली. मेरी पीक नावाची, जन्माने स्वतंत्र असलेली काळी शिक्षिका याच झाडाखाली शिकवत असे असं सांगतात. गुलामांना लिहा-वाचायला शिकवणं कायद्याने बंद असताना तिने ते चोरून केलं होतं. सप्टेंबर १८६१ पासून ती उघडपणे शिकवू लागली आणि पाच महिन्यांत क्षयाने गेली. सावित्रीबाईंची आठवण व्हायलाच हवी. जोतिरावांनी १८७३ चं ‘गुलामगिरी’ अमेरिकेतल्या सज्जनांना अर्पण केलं, कारण त्यांनी निःस्वार्थपणे दास्यमुक्तीला हातभार लावला. ते योग्यच, पण त्या पानावर होडीतल्या तिघांसाठीही एक ओळ हवी होती असं मला वाटतं. आपल्या मुंबईला मात्र या युद्धातून भलतंच काही मिळालं. दक्षिणेची बंदरं नाकेबंदीत अडकली, आपल्या कापसाला भाव चढला, शेअरबाजार फुगला आणि १८६५ मध्ये युद्ध संपताच धाडकन कोसळला.

१८६३ मध्ये लिंकनचा मुक्तीचा जाहीरनामा हॅम्प्टनच्या त्याच ओकखाली वाचून दाखवला गेला. पण जाहीरनामा नीट वाचा. उत्तरेच्या ताब्यातले काही जिल्हे त्यातून वगळले आहेत आणि त्यांत एलिझाबेथ सिटी, म्हणजे हॅम्प्टनचाच जिल्हा आहे. ज्या झाडाखाली तो वाचला, त्या जमिनीला तो लागूच नव्हता! युद्धाच्या निकडीने काढलेला फतवा असल्यामुळे तो फक्त बंडखोरांच्या मुलखाला लागू होता. डेलावेअर, केंटकीसारख्या उत्तरेशी राहिलेल्या राज्यांतही गुलाम तसेच राहिले.

दरम्यान पावणेदोन लाखांहून अधिक काळे शिपाई उत्तरेकडून लढले. बंडखोरांचा अध्यक्ष डेव्हिस १८६५ मध्ये पकडला गेला आणि त्याला ठेवलं कुठे, तर मन्रो किल्ल्यातच. दगडी कमानीखालची त्याची कोठडी आजही दाखवतात.

सगळीकडची गुलामगिरी संपली ती तेराव्या घटनादुरुस्तीने, ६ डिसेंबर १८६५ रोजी, तीन-चतुर्थांश राज्यांची मंजुरी मिळाल्यावर. उरलेल्या राज्यांची संमती नंतर येत राहिली. केंटकीने दिली १९७६ मध्ये. मिसिसिपीने १९९५ मध्ये ठराव केला, पण वॉशिंग्टनला रीतसर कळवायचं राहून गेलं. ते कळवलं २०१३ मध्ये.