लोभ, माया आणि ‘फॉन्ड’

विवाहेच्छू मुलामुलींची परिचयपत्रके हल्ली बहुतेक घरांत इंग्रजीतूनच तयार होतात. शिक्षण, उंची, गोत्र, मामा पक्ष हा मजकूर बिनचूक असतो. गाडी अडखळते ती आवडीनिवडीच्या रकान्यात. ‘शी इज फॉन्ड टू कुक’, ‘आय फॉन्ड म्युझिक’, ‘ही इज हॅविंग फॉन्ड इन क्रिकेट’ अशी वाक्ये आपण सर्वांनीच वाचली आहेत. मुलीच्या स्वयंपाकात खोट काढायला जागा नसते, पण तिची ओळख करून देणाऱ्या वाक्यातच खोट राहते आणि ते पत्रक जालन्याहून पुण्याला, तिथून बंगळुरूला फिरत राहते.

नियम फार मोठा नाही. ‘फॉन्ड’ हे क्रियापद नव्हे, विशेषण आहे. त्यामुळे ते ‘ॲम, इज, आर’ यांच्या आधाराशिवाय उभे राहत नाही. त्याच्यामागून ‘ऑफ’ येतो. ‘टू’, ‘विथ’, ‘इन’ यांपैकी कोणीही नाही. आणि ‘ऑफ’नंतर एकतर नाम येते किंवा ‘इंग’ लागलेले रूप. ‘शी इज फॉन्ड ऑफ कुकिंग’, ‘आय ॲम फॉन्ड ऑफ म्युझिक’, ‘माय फादर इज फॉन्ड ऑफ मोसंबी’. मराठीतील ‘स्वयंपाकाची आवड’ यातला ‘ची’ आणि इंग्रजीतील ‘ऑफ’ यांची येथे जोडी जमते, एवढे मनात ठेवले तरी चूक टळते.

तरीही ती होते, याचे कारण आपल्या भाषेच्या घडणीत आहे. ‘मला आंबा आवडतो’, ‘मला आंबे आवडतात’ या वाक्यांत क्रियापद आंब्याच्या मागे धावते. मी बाजूला ‘मला’ होऊन बसलेला. इंग्रजीत उलट, आवडणारा माणूस पुढे आणि आंबा मागे. शब्दयोगी अव्ययांचेही तसेच. आपण आजीवर माया करतो, म्हणून मूल लिहिते, ‘आय हॅव लव्ह ऑन माय ग्रँडमदर’. तेथे ‘फॉर’ हवा, ‘अफेक्शन’लाही ‘फॉर’च. ‘आजीचा माझ्यावर जीव आहे’ याचे शब्दशः इंग्रजी कोणी करू नये, हे सांगायला नकोच! (जाता जाता: ‘अफेक्शन’ म्हणजे जिव्हाळा, ‘अफेक्टेशन’ म्हणजे दिखाऊपणा. दोन अक्षरांचा फरक, पण ज्येष्ठांना लिहिलेल्या पत्रात महागात पडणारा.)

व्याकरण एका बैठकीत शिकता येते. शब्दाचे वजन ओळखायला मात्र वेळ लागतो, आणि व्यापाऱ्याच्या घरात वजनाचे महत्त्व वेगळे सांगावे लागत नाही. जालन्यात १९४८ पर्यंत निजामाचे राज्य होते व सरकारी कारभार उर्दूतून चाले. घरात मारवाडी, मोंढ्यात मराठी, कचेरीत उर्दू अशी आपल्या वडीलधाऱ्यांची वहिवाट होती. ‘शौक’ हा शब्द त्याच काळात आपल्या बोलण्यात घट्ट बसला. पण शौक पानाचा असतो, अत्तराचा असतो; आजोबांचा शौक नसतो. मराठीतही वस्तूची आवड, गाण्याचा नाद, लेकराचा लळा, आईची माया असे वेगवेगळे कप्पे आहेत. इंग्रजीतील ‘फॉन्ड’ मात्र वस्तू आणि माणूस दोघांनाही चालतो. माणसासाठी वापरला की त्यात सहवासाने मुरलेली ऊब असते. नवी सून सासरी रुळली आणि सासूबाईंना तिचा लळा लागला, तर ‘शी हॅज ग्रोन फॉन्ड ऑफ हर’ यापेक्षा नेमके वाक्य मिळणार नाही.

मात्र हीच ऊब वाङ्‌निश्चय झालेल्या मुलाने होणाऱ्या पत्नीला ‘आय ॲम फॉन्ड ऑफ यू’ असे लिहून पाठवली तर कोमट वाटेल. तेथे ‘लव्ह’च शोभतो. काल एकदाच खाल्लेल्या जिलेबीलाही हा शब्द चालत नाही, कारण त्यात सवय अभिप्रेत आहे. तेथे ‘आय एन्जॉईड इट’ म्हणावे. बियाण्याच्या व्यापाऱ्याने परदेशी ग्राहकाला ‘वुई आर फॉन्ड ऑफ युवर कंपनी’ लिहिले तर समोरचा गालातल्या गालात हसेल. व्यवहारात ‘वुई व्हॅल्यू’ पुरेसे असते. मुले तर हल्ली पिझ्झ्यापासून आजोबांपर्यंत सर्वांना एकच ‘लव्ह’ वाटून मोकळी होतात. एकाच मापाने सोनेही मोजायचे आणि सरकीही, असा तो प्रकार आहे.

‘फॉन्ड’चा पूर्वेतिहास मोठा मनोरंजक आहे. मध्ययुगीन इंग्रजीत या शब्दाचा अर्थ होता मूर्ख, वेडगळ. वेडेपणाने कोणावर जीव टाकणारा तो ‘फॉन्ड’, अशा वाटेने तो हळूहळू जिव्हाळ्यापर्यंत पोहोचला. ‘फॉन्ड होप’ म्हणजे भाबडी, फोल आशा; या प्रयोगात जुना अर्थ आजही शिल्लक आहे. आपण ‘वेडी माया’ म्हणतो, त्याच्या हा अर्थ किती जवळ आहे!

आणि ‘माया’ म्हटले की जैन घरातील मूल थबकणारच. पाठशाळेत त्याने शिकलेले असते की क्रोध, मान, माया, लोभ हे चार कषाय; तेथे माया म्हणजे कपट. घरी मात्र आजीची माया, आणि जुन्या मराठी पत्रांच्या शेवटी ‘लोभ असावा ही विनंती’! ‘राग’ शब्दाने तर टोकच गाठले. शास्त्रात राग म्हणजे आसक्ती, म्हणून तीर्थंकर वीतराग. बाजारात राग म्हणजे संताप. एकाच शब्दाची दोन वजने आपण लहानपणापासून न गोंधळता पेलत आलो आहोत, तेव्हा ‘फॉन्ड’ने बिचकण्याचे कारण नाही. ‘लोभ असावा’चे इंग्रजी करताना तेवढा लोभ शब्दकोशात शोधू नये, नाहीतर ‘ग्रीड’ हाती लागेल. व्यापारी पत्रात ‘विथ वॉर्म रिगार्ड्‌स’, आणि अमेरिकेतील नातवाने आजीला लिहिताना ‘युवर अफेक्शनेट ग्रँडसन’ किंवा सरळ ‘विथ लव्ह’.

एक शब्द मात्र अद्याप कोणत्याच इंग्रजी पत्रिकेत नीट उतरलेला दिसला नाही: स्वामीवात्सल्य. ‘लंच’ म्हटले तर वात्सल्य गळते, ‘अफेक्शन’ म्हटले तर जेवण गळते. आणि वात्सल्य तर सम्यग्दर्शनाच्या आठ अंगांपैकी एक. तेव्हा पत्रिका इंग्रजीत छापायची असली तरी तो शब्द आहे तसाच ठेवावा आणि त्याखाली जेवणाची वेळ लिहावी, सूर्यास्तापूर्वीची.