घरच्या अंगणात टाय रॉड एंड

पाऊस ओसरल्यावर आमच्या जुन्या गाडीच्या पुढच्या डाव्या चाकातून खड्ड्यावर टकटक आवाज येऊ लागला. टायरही एका कडेने लवकर झिजला होता. चाक जॅकवर उचलून घड्याळातल्या नऊ आणि तीनच्या जागी धरून हलवलं, तर सैल लागलं. बारा आणि सहाला मात्र घट्ट. मुलाने बाजूने पाहिलं आणि म्हणाला, "अब्बू, तो सांधा हलतोय."

हाच टाय रॉड एंड. स्टिअरिंगचा दांडा चाकाला जोडणारा. त्याची रबरी टोपी फाटली की पाणी-चिखल आत शिरतो, ग्रीस वाहून जातं. सांधा निसटला, तर चाक स्टिअरिंगचं ऐकत नाही. गाडीत घरचीच माणसं बसतात, म्हणून चालढकल नको.

सुट्टीत कामाला लागलो. सपाट, पक्की जागा, हॅण्डब्रेक, मागच्या चाकांना दगड. चाकाचे नट जमिनीवर असतानाच ढिले केले. नुसत्या जॅकच्या भरवशावर हात घालायचा नाही, खाली स्टॅण्ड हवाच. आधी लॉकनट थोडा सैल केला, मग कॉटर पिन काढून नट सोडला. आमचे शेजारी मिस्त्रीचाचा सांगतात, हातोडी पिनाच्या टोकावर मारू नका, आटे बिघडतात. ज्या लोखंडी भोकात पिन बसलाय त्याच्या बाजूला मारा. तिसऱ्या ठोक्याला सुटला.

जुना सांधा उलटा फिरवताना फेरे मोजले: साडेअठरा. नवा तितकेच फेरे आत घेतला, म्हणजे चाकाचा कोन जवळपास पूर्वीचाच राहतो.

इथेच बेट्याने घाई केली. जुनीच कॉटर पिन वाकवून घालायला निघाला. मी थांबवलं. काही रुपयांची नवी पिन आणायला त्याला सायकलवर पाठवलं. तो चिडला, मीही थोडा ओरडलो, खरं तर नको होतं. नटची खाच भोकासमोर आली नाही, तर नट आणखी कसायचा, मागे ढिला करायचा नाही, हेही त्याच वेळी दाखवलं.

एक काम मात्र घरी होत नाही. सावकाश चालवत गाडी अलाइनमेंटला नेली. फेरे बरोबर मोजूनही स्टिअरिंग किंचित तिरकं होतं. मशिनवर ते सरळ झालं. परतताना मुलगा शेजारच्या सीटवर बसून प्रत्येक खड्ड्याला कान लावत होता.