फोटियस आणि क्टेसियसचा हिंदुस्थान

बायझंटाइन पंडितांनी ग्रीक ग्रंथ जतन केले, स्वतःची रसिकता अशी काही दाखविली नाही, हा समज आपल्याकडेही रूढ आहे. फोटियसची ‘बिब्लिओथेका’ पाहिली म्हणजे तो टिकत नाही. नवव्या शतकातील हा विद्वान दोनदा (८५८–८६७ व ८७७–८८६) कॉन्स्टँटिनोपलचा धर्माध्यक्ष होता. रोमशी झालेल्या कलहामुळे तो इतिहासात गाजला. त्या कलहाशी येथे आपल्याला कर्तव्य नाही. आपण वाचलेल्या ग्रंथांची टिपणे त्याने तारासियस या भावासाठी सिद्ध केली. त्यांची प्रकरणे सुमारे २८०. काही चार ओळींची, काही अनेक पृष्ठांची. अकिलीस टाटियसच्या कादंबरीतील अश्लीलतेचा त्याला तिटकारा वाटतो, तरी तिच्या शैलीचे गुण तो नाकारीत नाही. धर्मगुरूच्या ठायी हा विवेक विरळाच म्हणावा लागेल.

होमर किंवा शोकांतिकाकार येथे नाहीत. ते भावाला शाळेतच परिचित असावेत. उलट, येथे आलेल्या ग्रंथांपैकी जवळजवळ निम्मे आज लुप्त आहेत. म्हणूनच फोटियसची अभिरुची ही त्याची खासगी बाब राहत नाही.

क्टेसियसच्या ‘इंडिका’चेच पाहा. इराणच्या दरबारातील या ग्रीक वैद्याने इसवी सनापूर्वी ४०० च्या सुमारास हिंदुस्थानाविषयी लिहिले, ते येथे न येता. मूळ ग्रंथ नष्ट झाला; इतरांनी दिलेले काही उतारे सोडले, तर आपली भिस्त मुख्यतः फोटियसच्या सारांशावर आहे. क्टेसियस कल्पित गोष्टी सांगून वर सत्याचा दावा करतो, असा ठपका फोटियस ठेवतो. परंतु त्या कल्पित गोष्टी निवडल्या कोणी? मनुष्यमुखी, दातांच्या तीन रांगा असलेला, विंचवासारख्या नांगीचा मार्तिखोरा सारांशात सविस्तर येतो. श्वानमुखी लोकांनाही ऐसपैस जागा मिळते. हिंदी लोकांची न्यायप्रियता, राजनिष्ठा आणि मृत्यूविषयीची बेफिकिरी यांबद्दल मात्र क्टेसियस ‘पुष्कळ सांगतो’ एवढे नोंदवून फोटियस पुढे सरकतो. ते ‘पुष्कळ’ काय होते, हे सांगणारी पाने त्याच्या हाती होती. आपल्या हाती त्याचे हे एकच वाक्य आहे.