टाचेवरची दोरी

२००७ च्या ओसाका जागतिक स्पर्धेत बहामाच्या डोनाल्ड थॉमसनं २.३५ मीटर उंच उडी मारून सुवर्ण जिंकलं. उंच उडीकडे वळून त्याला जेमतेम दीड वर्ष झालं होतं! लहानपणापासून याच खेळात घाम गाळणारा ऑलिंपिक विजेता स्टेफान होल्म चौथा आला.

थॉमसची टाचेवरची शीर, म्हणजे पोटरीला टाचेशी जोडणारी जाड दोरी, जन्मतःच लांब. ती ताणली की स्प्रिंगसारखी ऊर्जा साठवते आणि उसळीत परत देते. सरावानं ही दोरी ताठ, बळकट होते. लांब होत नाही.

तरी मला होल्मच अधिक थोर वाटतो. उंची फक्त १.८१ मीटर, आणि २००५ मध्ये त्यानं ओलांडले २.४० मीटर. थॉमसला ऑलिंपिक पदक कधीच मिळालं नाही.