ताळेबंद वाचता आला पाहिजे

मी बी.ए. झालेला, कवितेत रमणारा माणूस. हिशेबाशी माझं नातं किराणा दुकानातल्या उधारीच्या वहीपुरतं. पतसंस्थेचा वार्षिक अहवाल घरी आला, की तो न वाचताच कपाटाच्या फळीवर अंथरला जाई. काही वर्षांपूर्वी त्याच पतसंस्थेत माझी ठेव अडकली. तेव्हा एम.कॉम. करणाऱ्या माझ्या भाचीनं फळीवरचा एक जुना अहवाल काढला आणि 'येणे व्याज' या ओळीवर बोट ठेवलं.

"मामू, कर्जदारांकडून न आलेलं व्याज यांनी उत्पन्नात धरलंय. नफा कागदावर आहे, तिजोरीत नाही."

यात मुळात गैर काही नाही. उत्पन्न ज्या वर्षीचं असेल त्या वर्षी दाखवायचं, पैसे मागाहून आले तरी चालेल, हा हिशेबशास्त्राचा नियमच आहे. प्रश्न एवढाच, की 'येणे' किती दिवस येणेच म्हणायचं? बँकांसाठी रिझर्व्ह बँकेनं याचं उत्तर दिलेलं आहे. साधारणपणे हप्ता किंवा व्याज ९० दिवसांहून अधिक थकलं, की ते कर्ज अनुत्पादक ठरतं. पुढचं व्याज हातात पडल्याशिवाय उत्पन्नात धरता येत नाही, आणि बुडण्याच्या शक्यतेपोटी नफ्यातून तरतूद करावी लागते.

मी भाचीला विचारलं, "बी.कॉम.ला हे शिकवत नाहीत का?" ती म्हणाली, "बी.कॉम.ला नोंद कशी करायची ते शिकलो. एम.कॉम.ला ती तशीच का करायची, आणि दुसऱ्या तऱ्हेनं केली तर नफा किती बदलतो, ते शिकतोय."

आपल्या जिल्ह्यात या 'का'ला फार मोल आहे. विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी १९५० साली प्रवरेच्या काठी सहकारी साखर कारखाना उभा केला, तेव्हापासून आपला संसार सहकाराशी बांधलेला आहे. कारखान्याचंच उदाहरण घ्या. आर्थिक वर्ष ३१ मार्चला संपतं, तेव्हा गोदाम साखरेनं भरलेलं असतं. त्या साखरेची किंमत काय धरायची? नियम सांगतो, उत्पादनखर्च आणि विक्रीतून हाती येणारी रक्कम, यांतली जी कमी ती. समजा, क्विंटलला खर्च ३,३०० रुपये आणि हाती येणार ३,१००. गोदामात एक लाख क्विंटल साखर असेल, तर ३,३०० धरल्यानं नफा दोन कोटींनी फुगतो. साखरेचं एक पोतंही न वाढता!

हे फक्त गावाकडंच घडतं असं नाही. ७ जानेवारी २००९ रोजी सत्यम कॉम्प्युटर्सच्या अध्यक्षांनी कबुली दिली, की ताळेबंदात दाखवलेली पाच हजार कोटींहून अधिक शिल्लक अस्तित्वातच नव्हती. आपल्याकडं ऑक्टोबर २०२३ मध्ये रिझर्व्ह बँकेनं नगर अर्बन सहकारी बँकेचा परवाना रद्द केला. बँकेतल्या ठेवीला निदान पाच लाखांपर्यंत ठेव विमा महामंडळाचं संरक्षण असतं. पतसंस्थेतल्या ठेवीला तेही नाही.

म्हणून अहवाल आला, की तीन गोष्टी पाहाव्यात. येणे व्याज दरवर्षी वाढतंय का? थकबाकी वाढूनही तरतूद तेवढीच आहे का? आणि लेखापरीक्षकानं शेरे काय मारलेत? हे शेरे बहुधा शेवटच्या पानांवर, बारीक अक्षरांत असतात.

कुराणातली सर्वांत दीर्घ आयत उधारीचा व्यवहार लिहून ठेवण्याविषयी आहे. न्यायानं लिहिणारा लेखनिक हवा आणि साक्षीदारही हवेत, असं ती सांगते. आपल्या संस्थांत लेखनिक आहेत. साक्षीदार म्हणजे आपण सभासद. सप्टेंबरमधल्या वार्षिक सभेत "मंजूर, मंजूर" म्हणून आपण जेवणाच्या पंगतीकडं वळतो, तेव्हा न वाचलेल्या कागदाला साक्ष देत असतो.

माझी ठेव अजून पुरती मिळालेली नाही. मात्र आता अहवाल फळीवर जात नाही. भाची आली, की आम्ही दोघं तो शेवटच्या पानापासून वाचायला घेतो.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)