अंगातला सरस

1850 सालच्या मे महिन्यात ठाण्याचे कलेक्टर ह्यू मॅलेट चौकहून डोंगर चढले आणि त्यांनी माथेरान ‘शोधलं’. (ठाकर-धनगरांना ते केव्हाचं ठाऊक होतं, पण असो.) साहेबांना वर ओढलं ते टाचेमागच्या जाड शिरेनं. ही शीर म्हणजे कोलॅजेनचा पीळदार दोरच!

नाव आलंय ग्रीक ‘कोला’वरून, अर्थ सरस. होय, सुतार कातडी-हाडं उकळून केलेला वापरत तोच. पाया शिजवून रात्रभर ठेवा, सकाळी रस्सा थिजलेला दिसेल. कोलॅजेन उकळलं की त्याचं जिलेटीन होतं, त्याचीच ही करामत.

अंगातल्या प्रथिनांचा साधारण तिसरा हिस्सा एकट्या कोलॅजेनचा. प्रकार 28. पहिला हाडा-कातडीत, दुसरा कुर्चेत, चौथा मूत्रपिंडाच्या गाळणीत. डोळ्याची गंमत तर बघा: पांढरं बुबुळाभोवतीचं आवरण कोलॅजेनचं आणि पुढची पारदर्शक काचही कोलॅजेनचीच. पांढऱ्यात धागे अस्ताव्यस्त, काचेत शिस्तीत, फरक एवढाच.

कोंबडीचं हाड काही दिवस व्हिनेगरमध्ये बुडवा. क्षार विरघळतात, कोलॅजेन उरतं आणि हाड रबरासारखं वाकतं. पोरांना दाखवाच.

या धाग्याची रचना 1954 साली मद्रासमध्ये जी. एन. रामचंद्रन आणि गोपीनाथ कार्था यांनी मांडली. अभ्यासाला कांगारूच्या शेपटीची शीर होती! निघाली काय, तर तिपेडी वेणी. वेणीच्या पोटात जागा इतकी कमी, की प्रत्येक पेडातली दर तिसरी कडी ग्लायसिन, म्हणजे सगळ्यांत चिमुकलं अमिनो आम्लच लागतं.

वेणी पक्की व्हायला क जीवनसत्त्व हवं. ते फार दिवस मिळालं नाही तर स्कर्व्ही होतो, हिरड्यांतून रक्त येतं, भरलेल्या जखमाही उकलतात. आवळा खा, डाळीला लिंबू पिळा. महागडी कोलॅजेन पावडर पोटात गेली की तिचे तुकडेच होतात. ती पत्ता शोधत थेट गालावर जाऊन बसत नाही.

कोल्हापुरी चप्पल म्हणजे बाभळीच्या सालीनं आणि हिरड्यानं कमावलेलं कोलॅजेन. तिथे झाडातल्या टॅनिननं धागे घट्ट बांधले जातात, म्हणून कातडं कुजत नाही. मात्र ती घालून चौकहून माथेरान चढू नका. खालचं कोलॅजेन टिकेल, घोट्यातल्याचं सांगता येत नाही.